दुधातले, रक्तातले, बाहेरचे

आजाराचा उगम सांगण्यासाठी आपल्या बोलीत दोन शब्द फार जुने आहेत. एक 'बाहेरचे' आणि दुसरा 'रक्तातले'. ताप उतरत नाही, अन्न जात नाही, माणूस दिवसेंदिवस वाळत चालला की घरातील वडीलधारे आवाज खाली आणून म्हणतात, "याला बाहेरचे झाले असावे." नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या पेठ तालुक्यात दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी किंवा ती उतरून आल्यावर भगताकडे जाऊन येणारी माणसे आजही भेटतात. भगताच्या प्रश्नांचा रोख बाहेरून काय आले, कोणी पाठवले, याकडेच असतो. तोच आजार घरात पूर्वी कोणाला होऊन गेला असेल तर मात्र शब्द बदलतो. 'त्यांच्या रक्तातच आहे ते' असे म्हणून विषय मिटवला जातो. पहिल्या शब्दात शेजाऱ्यावर संशय आहे. दुसऱ्यात घराण्याची, बहुतेक वेळा सुनेच्या माहेरची, बदनामी आहे. निरुपद्रवी असा यांतला एकही नाही.

कर्करोग या दोहोंपैकी कोणत्या खणात ठेवायचा याविषयी भाषेचा गोंधळ आहे. सुश्रुतसंहितेतील 'अर्बुद' हे दोष बिघडल्याने मांसात उपजणारे, गोल, स्थिर, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे असे वर्णिलेले आहे. म्हणजे ते आतले. 'कर्क' हा खेकडा मात्र ग्रीक-लॅटिन वैद्यकातून भाषांतराच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि खेकडा म्हटला की तो कोठून तरी येऊन शिरलेलाच वाटतो. हा गोंधळ केवळ आपल्या भाषेचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु विसाव्या शतकातील प्रयोगशाळांनीही अगदी याच दोन शब्दांवर साठ-सत्तर वर्षे वाद घातला. त्यांनी त्यांना 'संसर्ग' आणि 'आनुवंशिकता' अशी भारदस्त नावे दिली, इतकेच. या वादाचा एक महत्त्वाचा अंक मुंबईत परळला घडला आणि त्यातील प्रमुख व्यक्ती पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेली एक मराठी स्त्री होती. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा इतिहास माहीत नसतो. विज्ञानाचे ग्रंथ तो सांगतात तेव्हा त्यातील शब्दांकडे त्यांचे लक्ष नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या अंगावरील गाठ वाटली, तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला आणि ज्या रसात एकही पेशी वा जिवाणू उरलेला नव्हता तो दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. गाळणीतून निसटणारे ते काहीतरी म्हणजे विषाणू. कोंबडीचे ते माणसाचे नव्हे, असे म्हणून विद्वानांनी हा शोध बाजूला ठेवला. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. शोध आणि सन्मान यांच्यामध्ये ५५ वर्षे गेली. या काळात 'कर्करोग संसर्गाने होतो' असे म्हणणारा संशोधक थोडा खुळाच समजला जाई. त्याला सामाजिक कारणही होते. क्षय आणि महारोग यांच्याभोवती संसर्गाच्या भीतीने केवढा अमानुषपणा माजवला होता हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. आणखी एका रोगाला त्या रांगेत नेऊन बसवण्याची इच्छा सहृदय वैद्यांनाही नव्हती.

अशा वातावरणात उंदरांची गोष्ट सुरू होते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळेत भावाबहिणींचा पिढ्यान्पिढ्या संकर करून शुद्ध वंशाचे उंदीर तयार केले होते. काही वंशांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होई, काहींत तो क्वचितच आढळे. म्हणजे गोष्ट रक्तातली, असे सर्वांनी गृहीत धरले. १९३३ साली या प्रयोगशाळेने एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केले. रोगट वंशाची आई आणि निरोगी वंशाचा बाप यांच्या मुलींना कर्करोग होई. आईबाप उलट केले, तर होत नसे. दोन्ही बाजूंच्या मुलींना मिळालेली जनुके तर जवळजवळ सारखीच. म्हणजे आई आपल्या मुलीला जनुकांखेरीज आणखी काहीतरी देत होती. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये ते काय हे दाखवले. रोगट वंशाची पिल्ले जन्मताच आईपासून काढून निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांतील बहुतेक कर्करोगापासून वाचत. जी गोष्ट रक्तातली समजली जात होती ती दुधातली निघाली.

बिटनर यांनी या गोष्टीला विषाणू म्हटले नाही. आधी 'दुधाचा प्रभाव' आणि पुढे 'दुग्धघटक' असे गुळमुळीत शब्द त्यांनी योजले. विषाणू हा शब्द उच्चारला असता तर संशोधनाला पैसा मिळाला नसता, अशी त्यांची भीती होती असे सांगतात. शब्दाची निवड ही शैलीची बाब आहे असे वर्गात शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना येथे थोडे थांबावेसे वाटते. एका शास्त्रज्ञाने खरा शब्द टाळला आणि त्यामुळे त्याचे काम चालू राहिले. लॅटिनमध्ये 'व्हायरस' म्हणजे विषच, आणि मराठीत 'विषाणू' घडवणाऱ्यांनी ते विष तसेच्या तसे शब्दात ठेवले. दूध आणि विष हे दोन शब्द शेजारी ठेवणे कोणत्याही भाषेत सोपे नाही.

आपल्या परंपरेत ते एकदाच ठळकपणे शेजारी आले आहेत, पूतनेच्या कथेत. तेथे विष स्तनाला लावलेले आहे, बाहेरून. आणि पाजणारी आईचे सोंग घेऊन आलेली परकी आहे. खऱ्या आईचे दूध विषारी असू शकते ही कल्पना पुराणकारांनाही सुचली नाही किंवा सोसली नाही. इतिहासाने तर दूधआईला मानाचे स्थान दिले. सईबाईंच्या आजारपणात बाळ संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ आजही गौरवाने आठवली जाते. बिटनरच्या प्रयोगात हे सगळे उलटे झाले. तेथे सख्खी आई मारणारी आणि दूधआई तारणारी ठरली.

१९४१ च्या फेब्रुवारीत मुंबईला परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर हे विकृतिशास्त्राचे अभ्यासक. पण त्यांची नजर समाजशास्त्रज्ञाची होती. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक होतो याच्या नोंदी त्यांनी चिकाटीने तपासल्या. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने तेथील त्वचेला होणारा 'धोतर कर्करोग' हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये नोंदवलेला प्रकार वैद्यकाच्या ग्रंथांत जाऊन बसला. कर्करोगाचे नाते वंशापेक्षा राहणीशी अधिक आहे, हा त्यांच्या कामाचा रोख. त्यांच्याच नोंदींत मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आणि हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे अधिक असे दिसत होते. या दोन्ही नोंदींना पुढे वेगवेगळे इतिहास लाभले आणि आपल्याला त्या दोघींकडेही जायचे आहे.

खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे आल्या. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ चा, शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने गणिती ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी १९३९ मध्ये विवाह केला आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून १९४३ मध्ये एम.एस्सी. मिळवली. सीताफळापासून उंदरांपर्यंतचा हा प्रवास आज जरा विचित्र वाटतो. पण गुणसूत्रे मोजणाऱ्याच्या दृष्टीने तो फार लांबचा नव्हता.

१९४७ मध्ये खानोलकर आणि रणदिवे यांनी उंदरांच्या चार वंशांतील निरोगी स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना प्रसिद्ध केली. हे चार वंश कर्करोगाला कमी-अधिक प्रमाणात बळी पडणारे होते. या कामाची मातब्बरी अशी की त्यांनी गाठ पाहिली नाही. गाठ येण्याआधीची ग्रंथी पाहिली. रोग दिसण्यापूर्वी शरीरात कोणती भूमी तयार झालेली असते, हा त्यांचा प्रश्न होता. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर बशीत पेशी जगवण्याचे तंत्र, शिकण्यास गेल्या. परत आल्यावर परळमध्ये १९५२ साली खानोलकरांनी स्थापलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि पुढे १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेचे संचालकपदही सांभाळले. उंदरांवरील त्यांच्या कामातून जे निष्पन्न झाले त्याचा सारांश असा की, दुधातून आलेला विषाणू एकटा काही करीत नाही. अनुकूल जनुके हवीत, आणि गर्भारपण व स्तनपान यांच्या संप्रेरकांनी तयार झालेली भूमीही हवी. तिन्हींचे जुळले तर गाठ. 'बाहेरचे की रक्तातले' या प्रश्नालाच हे उत्तर अडचणीत आणणारे होते.

रणदिव्यांचा उत्तरकाळ मला व्यक्तिशः फार जवळचा वाटतो. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करण्याच्या कामात गुंतल्या. हा मुलूख आमच्या पेठसारखाच. घाटमाथा, प्रचंड पाऊस, नागली-वरईचे अन्न आणि पावसाळ्याअखेर रिकाम्या होणाऱ्या कणग्या. आयुष्यभर 'भूमी' पाहणाऱ्या संशोधिकेने शेवटी मुलांच्या ताटात काय आहे ते पाहायला जावे, यात मला एक सुसंगती दिसते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २००१ मध्ये त्या गेल्या. मराठी चरित्रवाङ्मयाने त्यांना जेवढी जागा दिली त्याच्या शतपटीने ती आपण नटांना दिली आहे. असो.

परळच्या प्रयोगशाळेभोवतीचे वातावरण १९७० च्या सुमारास मोठ्या अपेक्षेचे होते. उंदराच्या दुधात विषाणू असेल तर स्त्रीच्या दुधात का नसेल, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला. १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकी आणि मुंबईच्या संशोधकांचा संयुक्त निबंध आला. डॅन मूर त्याचे प्रमुख लेखक. मुंबईकडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ सत्यवती सिरसाट, टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर आणि इतर त्यात होते. त्यांनी बायकांच्या दुधाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. घराण्यात स्तनाचा कर्करोग नसलेल्या अमेरिकी स्त्रियांपैकी सुमारे ५ टक्के, घराण्यात तो असलेल्या अमेरिकी स्त्रियांपैकी ६० टक्के आणि मुंबईच्या पारशी स्त्रियांपैकी ३९ टक्के यांच्या दुधात उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे त्यांनी मांडले.

या आकड्यांचा अर्थ एका छोट्या, नोंदी नीट ठेवणाऱ्या, आपसांत विवाह करणाऱ्या समाजातील तान्ह्या मुलींच्या आयांनी काय घ्यायचा? घराण्यात हा रोग असलेल्या स्त्रीने मुलीला अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न त्या काळात वैद्यकीय चर्चेत खरोखरच आला होता. सूक्ष्मदर्शकात 'सारखे दिसणे' आणि 'असणे' यांच्यातील अंतराला येथे एका माणसाच्या घरात किंमत मोजावी लागणार होती. दुधात चरबीचे आणि पेशींचे असंख्य तुकडे असतात. त्यांतील काही विषाणूसारखे दिसू शकतात. पुढच्या वर्षांत इतर ठिकाणी झालेल्या तपासण्यांत असे कण निरोगी स्त्रियांतही आढळले आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध टिकला नाही. अंगावर पाजण्याने मुलीला कर्करोग होतो असा पुरावा कधीच मिळाला नाही. उलट पाजणाऱ्या आईला स्वतःला स्तनाच्या कर्करोगापासून थोडे संरक्षण मिळते हे पुढे मोठ्या अभ्यासांतून दिसून आले. संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. उंदरांत सत्य ठरलेली गोष्ट माणसात शोधणे हे त्यांचे कामच होते. पण संशयाची सुई सर्वांत आधी आईवर येऊन थांबली, याची नोंद घेतलीच पाहिजे.

उंदरांच्या इतिहासाने त्या आधीच एक चमत्कारिक वळण घेतले होते. अॅमस्टरडॅममध्ये ओटो म्यूलबॉक यांच्याकडे उंदरांचा एक वंश होता, ज्यात दूधआई बदलूनही पिल्ले वाचत नसत. त्या वंशात विषाणू पेशीच्या जनुकसंचातच जाऊन बसलेला होता आणि तो अंडपेशीतून तसाच शुक्रपेशीतूनही पुढच्या पिढीत जाई. म्हणजे बापही तो देत होता. कधीतरी बाहेरून आलेले आता शब्दशः रक्तातले झाले होते. बाहेरचा आणि घरचा यांच्यातील रेघ इतकी पुसट असेल याची कल्पना कोणत्याच बाजूने केलेली नव्हती. १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी दाखवले की हा विषाणू स्वतःबरोबर कर्करोगाचे कोणतेही जनुक आणत नाही. तो उंदराच्या ज्या जनुकाशेजारी बसतो ते उंदराचेच जनुक अवेळी जागे होते.

आता बाल्टिमोरला परत जाऊ. ज्या गाय यांच्याकडे रणदिवे ऊतिसंवर्धन शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या आणि अजून वाढत आहेत. त्या एवढ्या अमर का, याचे उत्तर तीस-पस्तीस वर्षांनी मिळाले. हाराल्ट त्सुर हाउसेन यांच्या जर्मनीतील गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींत शोधले. १८ वा हेलाच्या पेशींतही निघाला. माणसात विषाणूने कर्करोग होतो हे आता नाकारता येत नव्हते. परळला दुधात शोधलेले उत्तर दुसऱ्याच अवयवात सापडले, आणि तो अवयव खानोलकरांच्या जुन्या नोंदींत होताच.

पण विषाणू नेमके करतो काय? या प्रश्नाचे उत्तर देणारी कथा वाङ्मयाच्या अभ्यासकाला आवडावी अशी आहे. १९७९ मध्ये माकडांच्या एका विषाणूवर काम करताना अनेक प्रयोगशाळांना एकाच वेळी एक प्रथिन आढळले. विषाणूच्या प्रथिनाला ते चिकटलेले असे. त्याच्या वजनावरून त्याचे नाव पडले पी-५३. विषाणूचा हस्तक म्हणून सापडलेले म्हणून ते खलनायक मानले गेले, आणि दहा वर्षे त्याच्यावर तशाच नजरेने निबंध लिहिले गेले. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की प्रयोगात वापरलेली त्याची प्रत बिघडलेली होती. धडधाकट पी-५३ हे पेशीतील पहारेकरी आहे. पेशीच्या जनुकांना इजा झाली की ते विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले आढळते. अशा प्रथिनांना अर्बुदरोधक म्हणतात. दुसरे प्रसिद्ध रोधक म्हणजे मुलांच्या डोळ्यांतील एका गाठीमुळे सापडलेले आरबी. खलनायक समजलेले पात्र पुढच्या अंकात रखवालदार निघते. आणि विषाणूला ते चिकटलेले का होते, तर विषाणूने त्याला धरून ठेवले होते म्हणून!

पॅपिलोमा विषाणू हेच दोन हातांनी करतो. त्याचे एक प्रथिन पी-५३ ला नष्ट करवते, दुसरे आरबीला निकामी करते. हेला पेशींत पी-५३ चे जनुक शाबूत आहे. पहारेकरी रोज कामावर येतो आणि रोज मारला जातो. म्हणून 'रक्तातले की बाहेरचे' या प्रश्नाला आता तिसरा शब्द लागतो. बाहेरचा आला हे खरे, पण तो सहसा येऊन जातोच. पॅपिलोमाची बहुतेक लागण शरीर आपोआप निस्तरते. पहारा कोठे आणि कशाने ढिला पडला, हा प्रश्न उरतो.

जठराच्या कर्करोगाने या इतिहासात आणखी एक प्रकरण जोडले. जठरात आम्ल असते, तेथे काही जगत नाही, अशी समजूत १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी मोडली. हेलिकोबॅक्टर हा जिवाणू तेथे सुखाने राहतो आणि जठराच्या कर्करोगाचे ते सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. विषाणू मागाहून आला. युगांडातील मुलांच्या जबड्याच्या गाठीत एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये पाहिलेला एपस्टाइन-बार विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुकाट्याने असतो. १९९० पासून तो जठराच्या काही गाठींतही सापडू लागला. २०१४ मध्ये अमेरिकेतील जनुकीय प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठींचा अभ्यास करून त्यांचे चार प्रकार पाडले, त्यांत हा विषाणू असलेल्या गाठी सुमारे ९ टक्के होत्या. या गाठींत पी-५३ चे जनुक क्वचितच बिघडलेले असते. येथे पहारेकरी मारला जात नाही. पेशीच्या जनुकांवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांचा सडा पडतो आणि पी-१६ या दुसऱ्या रोधकाचे जनुक त्याखाली मुके होते. त्याचा मजकूर जागच्या जागी, अक्षरे सगळी बरोबर. फक्त ते पान उघडायचे नाही असा शिक्का बसतो. बंदी घातलेल्या पुस्तकाशी ही तुलना मला मोह घालते, पण ती फार ताणू नये. बंदी माणसे घालतात, कारणासाठी घालतात. येथे कोणाचा हेतू नाही. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये कर्करोगाच्या रूपकांविरुद्ध जे पुस्तक लिहिले त्याचा आग्रह हाच होता. त्यांचा आग्रह पूर्ण पाळणे मात्र शास्त्रज्ञांनाही जमलेले नाही. पहारेकरी, रोधक, दमन हे शब्द त्यांचेच आहेत.

खानोलकरांच्या दुसऱ्या नोंदीकडे, गर्भाशयमुखाकडे, जाण्यासाठी परळहून बार्शीला जावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. नेने यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून, मेळावे घेऊन, अंगावर काही लक्षण आहे का हे बायकांना विचारत. याच रुग्णालयाने टाटा रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा प्रयोग केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गट. एका गटाची एकदाच विषाणूची चाचणी केली. दुसऱ्याची पेशींची तपासणी केली, तिसऱ्यात आम्ल लावून डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटाला नेहमीच्याच सेवेवर सोडले.

बायकांनी एवढ्या संख्येने यावे, हे मराठवाड्याच्या त्या भागात साधे नव्हते. लागण शरीरसंबंधातून होते म्हटल्यावर 'बाहेरचे' हा शब्द 'बाहेरख्याली'पर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि त्यात बोट बाईकडे वळते. विषाणू इतका सर्वसामान्य आहे की तो असणे हा कोणाच्याही वर्तनाचा पुरावा नाही, हे मराठीत सोप्या शब्दांत सांगणाऱ्या आरोग्यसेविकांनी किती भाषिक कसरत केली असेल, याचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी करावा असा आहे.

२००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. आठ वर्षांत विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. गटांचा आकार थोडा वेगळा आहे, तो जमेस धरला तरी मृत्यू जवळपास निम्मे. इतर दोन पद्धतींनी या प्रयोगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. विषाणू शोधल्याने माणसे वाचतात, हे एका मराठी जिल्ह्यातून जगाला समजले.

आणि त्या ६४ जणी? त्या 'नियंत्रण गटा'त होत्या. तेव्हा जिल्ह्यात सरकारी तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, म्हणून 'नेहमीची सेवा' म्हणजे व्यवहारात तपासणी नाही, असा अर्थ होत होता. अमेरिकेतील विकृतितज्ज्ञ एरिक सुबा यांनी भारतातील अशा प्रयोगांवर उघड टीका केली. पेशींच्या तपासणीने मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके माहीत असताना एका गटाला ती न देणे अनीतीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. संशोधकांचे उत्तर असे की त्या स्त्रियांना एरवी जे मिळाले असते त्यापेक्षा कमी काही दिले नाही, आणि तुलनेवाचून पुरावा उभा राहिला नसता. माझ्या मते दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, पण दुसरी बाजू ज्या वास्तवाचा आधार घेते ते वास्तवच लाजिरवाणे आहे. हेन्रिएटा लॅक्सला विचारले नव्हते. उस्मानाबादच्या बायकांना विचारले होते; त्यांच्यापुढे निवडीसाठी दुसरे काही नव्हते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी जी तपासणी ठरवली ती आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची, कारण ती स्वस्त आहे आणि मुंबईतील दुसऱ्या एका प्रयोगात तिच्यामुळे मृत्यू कमी झाले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना, गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का, असे विचारले. देशभरात 'हो' म्हणणाऱ्या १.९ टक्के होत्या.